मागे ओढलेला हात : ओकिनावाच्या कराटेतील प्रहारतंत्राची पार्श्वभूमी

कराटेच्या वर्गात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी जे शिकवले जाते, त्यात एक गोष्ट ठरलेली असते : एका हाताचा ठोसा पुढे जात असताना दुसऱ्या हाताची मूठ त्याच वेळी कमरेशी ओढून घ्यायची. या मागे येणाऱ्या हाताला जपानी भाषेत ‘हिकिते’ म्हणतात. मुष्टियुद्ध पाहिलेल्या कोणालाही ही कृती खटकते, कारण चेहरा उघडा टाकून हात कमरेला नेणे हे मुष्टियुद्धात मार खाण्याला आमंत्रण ठरते. मग असे का करायचे, तर हात मागे ओढल्याने ठोशाला जोर येतो, शरीराचा तोल राहतो, असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते आणि ते काही अंशी बरोबरही आहे. पण ओकिनावातील जुन्या परंपरेत हा हात रिकामा परत येत नसे. समोरच्याचे मनगट, बाही किंवा केस धरून, त्याला आपल्याकडे खेचत, तो मागे येत असे आणि खेचलेल्या माणसावर दुसऱ्या हाताचा प्रहार बसत असे. ही पकड शिकवण्यातून कशी निसटली आणि नुसती रिकामी मूठ कशी उरली, हे समजून घेतल्याशिवाय या विद्येतील प्रहारांचा अर्थ नीट लागत नाही, असे माझे मत आहे.

ओकिनावा आज जपानचा एक प्रांत असला, तरी १८७९ पर्यंत तेथे ऱ्युक्यू हे स्वतंत्र राजघराणे असलेले राज्य होते. १३७२ पासून या राज्याचे चीनच्या मिंग दरबाराशी खंडणीचे आणि व्यापाराचे संबंध होते, १४२९ मध्ये शो हाशी या राजाने बेटावरील तीन सत्ता एकत्र केल्या आणि शुरी येथील किल्ल्यावरून कारभार चालू लागला. शुरीच्या पायथ्याशी असलेल्या नाहा बंदराजवळ कुमेमुरा नावाची वस्ती होती. फूझौ ज्याची राजधानी आहे त्या चीनच्या फूजियान प्रांतातून आलेली घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आणि दुभाषे, नावाडी, लेखनिक म्हणून राज्याची सेवा करीत. दक्षिण चीनमधील हातघाईच्या विद्येचे संस्कार ओकिनावात आले ते मुख्यतः या वाटेने. स्थानिक विद्येला ‘ती’ म्हणजे हात, आणि चिनी वळणाच्या विद्येला ‘तोदी’ म्हणत. दोन्ही कुठे वेगळ्या होत्या आणि कुठे मिसळल्या, याची रेघ आज आखता येत नाही.

या काळातील लेखी पुरावे फार थोडे आहेत, म्हणून १७६२ मधील एका नोंदीचे महत्त्व मोठे आहे. ऱ्युक्यूचे एक जहाज वादळात भरकटून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले आणि तेथील एका विद्वानाने जहाजावरील लोकांकडून ऐकलेली माहिती ‘ओशिमा हिक्की’ या नावाने लिहून ठेवली. त्या माहितीत कुशान्कू नावाच्या एका चिनी माणसाचा उल्लेख येतो. अंगाने किरकोळ असलेला हा माणूस एक हात समोरच्याच्या छातीजवळ नेऊन दुसऱ्या हाताने आपले तंत्र वापरी आणि पायांच्या कात्रीत धरून भल्याभल्यांना खाली पाडी. हेच नाव पुढे ‘कुशान्कू’ या प्रसिद्ध कातेला मिळाले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, आणि जुन्या काळात संपूर्ण विद्या तिच्यातच साठवलेली असे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की कराटेच्या पूर्वेतिहासातील या महत्त्वाच्या वर्णनात दूरवरून मारलेले ठोसे-लाथा नाहीत. त्यात झोंबाझोंबी आणि पाडणे आहे.

१६०९ मध्ये दक्षिण जपानमधील सात्सुमा प्रांताच्या शिमाझू सरदारांनी ऱ्युक्यूवर स्वारी करून राज्य अंकित केले. शस्त्रे हिरावली गेल्यामुळे शेतकऱ्यांनी रात्री लपूनछपून रिकाम्या हाताची विद्या विकसित केली आणि तिने ते सामुराईंशी लढले, ही कथा याच घटनेला जोडून सांगितली जाते. ती ऐकायला स्फूर्तिदायक असली तरी ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत अशा साधकांकडे पाहिले म्हणजे ती टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील शुरीचे सर्वांत मोठे गुरू मात्सुमुरा सोकोन हे राजाच्या सेवेत होते आणि सात्सुमाच्याच जिगेन-ऱ्यू तलवारविद्येचे शिक्षण त्यांनी घेतले होते. त्यांचे शिष्य इतोसू अंको हे दरबारी लेखनिक, तर मोतोबू चोकी हे राजघराण्याच्या एका शाखेत जन्मलेले. ही विद्या मुख्यतः अधिकारी वर्गाची होती, आणि तिचा उपयोग रणांगणावर नव्हे तर रस्त्यात, बंदरात, मद्याच्या गुत्त्यापाशी अंगावर येणाऱ्या गुंडापासून स्वतःला किंवा आपल्या धन्याला सोडवण्यासाठी होता.

अपवाद होतेच. नाहाचे हिगाओन्ना कानऱ्यो (१८५३–१९१५) यांचे घराणे होडीतून जळाऊ लाकूड वाहण्याचा व्यवसाय करी. ते १८७० च्या दशकात फूझौला गेले, तेथे शिकले आणि परत येऊन त्यांनी नाहामध्ये ‘सान्चिन’ या कातेवर आधारलेले शिक्षण दिले. उत्तर ओकिनावातील शेतकरी कुटुंबातले उएची कानबुन (१८७७–१९४८) सक्तीची सैन्यभरती टाळण्यासाठी १८९७ मध्ये फूझौला गेले. त्यांच्या परंपरेत आजही बंद मुठीऐवजी बोटांची टोके, एका बोटाचे पुढे काढलेले पेर आणि पायाच्या अंगठ्याचे टोक यांनी प्रहार केला जातो. हिगाओन्ना सुद्धा सान्चिन उघड्या पंजांनी शिकवीत असत. मुठी बंद केल्या त्या त्यांचे शिष्य मियागी चोजुन (१८८८–१९५३) यांनी.

उघडा पंजा असा टिकून राहिला याला कारण आहे. बंद मूठ कठीण भागावर आदळली की तिचीच हाडे मोडतात, तर पंजा धरू शकतो, ढकलू शकतो, डोळ्यांवर किंवा गळ्यावर जाऊ शकतो. हस्तलिखित प्रतींमधून फिरणारा ‘बुबिशी’ नावाचा चिनी ग्रंथ ओकिनावातील अनेक गुरूंनी उतरवून घेतला होता. त्यात मर्मस्थाने, औषधी वनस्पती आणि दोन माणसांच्या झटापटीच्या ४८ आकृत्या आहेत. त्या आकृत्यांमध्ये कोणी कोणाची गचांडी धरली आहे, कोणी पाय उचलून पाडतो आहे, कोणी पकड सोडवतो आहे. लाथाही गुडघा, नडगी, जांघ अशा खालच्या जागी. कमरेच्या वर जाणारी लाथ ही ओकिनावाच्या जुन्या कातांमध्ये फार क्वचित आढळते, कारण एकमेकांच्या बखोटीला धरलेल्या दोन माणसांमध्ये ती उचलायला जागाच नसते.

शुरी परंपरेच्या पायाभूत ‘नाइहान्ची’ कातेत हे अगदी स्पष्ट दिसते. साधक पाय फाकवून, गुडघे वाकवून उभा राहतो आणि फक्त डावी-उजवीकडे सरकतो. एक हात बाजूला जातो, पंजा उघडा; लगेच दुसऱ्या हाताचे कोपर त्याच पंजावर येऊन आदळते. हवेत पाहिले तर स्वतःच्याच तळहातावर कोपर मारण्यात काही अर्थ दिसत नाही. तेथे समोरच्याची मान किंवा डोके पंजात धरलेले आहे असे मानले की सगळी हालचाल उलगडते.

विद्या बदलली ती शाळेत शिरल्यावर. १८७९ मध्ये जपानने राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत केला, दरबारी वर्गाचा आधार गेला आणि तरुणांना नव्या राष्ट्राच्या साच्यात बसवणे हे सरकारचे धोरण झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०१ च्या सुमारास, शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटेचा व्यायाम म्हणून प्रवेश झाला आणि काही वर्षांत तो वरच्या वर्गांतही पोहोचला. हे काम इतोसू अंको (१८३१–१९१५) यांचे. एका गुरूने दोन-चार शिष्यांना अंगणात वर्षानुवर्षे शिकवायची विद्या आता मैदानात रांगेत उभ्या असलेल्या मुलांना आकड्यांच्या तालावर शिकवायची होती. डोळ्यात बोटे घालणे, मान पिरगाळणे, सांधा उखडणे हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवता येणार नव्हते. इतोसूंनी ‘पिनान’ नावाच्या पाच काता मुलांसाठी रचल्या. शालेय शिक्षणात बोटांचे प्रहार मुठीत आले, पकडी गळल्या किंवा नुसत्या ‘अडवण्याच्या’ हालचाली म्हणून शिकवल्या जाऊ लागल्या.

इतोसूंना आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाणीव होती. ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यांनी शिक्षणखात्यासाठी लिहिलेल्या दहा कलमी पत्रात ती दिसते. हे पत्र आजही वाचण्यासारखे आहे. कराटे हे केवळ शरीर कमावण्यासाठी नाही आणि एका प्रतिस्पर्ध्याशी सामना खेळण्यासाठीही नाही. चोर किंवा दांडगट माणूस गाठ पडला तर होईल तेवढे त्याला चुकवून इजा टाळावी, असे पहिल्याच कलमात म्हटले आहे. तळहाताएवढ्या जागेत बसणारा पण फार मोलाचा मजकूर पुढे येतो : प्रत्येक हालचाल शरीर घडवण्यासाठी आहे की प्रत्यक्ष वापरासाठी, हे आधी ठरवून मगच तिचा सराव करावा, आणि आत शिरणे, वार झेलणे, पकड सोडवणे व हाताने धरणे यांच्या रीती असून त्यांतील बरेच काही तोंडीच सांगितले जाते. म्हणजे शाळेत गेलेली कवायत ही अर्धी विद्या होती, आणि उरलेली अर्धी गुरूच्या तोंडी होती, हे खुद्द शाळेत विद्या नेणाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. गुरूची पिढी गेल्यावर काय होणार होते, हे यातून उघड आहे.

त्याच पत्रात माकिवाऱ्याचाही उल्लेख आहे. माकिवारा म्हणजे जमिनीत पक्का पुरलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब; छातीच्या उंचीला त्याला भाताच्या पेंढ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. खांदे खाली, छाती मोकळी, पावलांनी जमीन धरलेली, अशा स्थितीत प्रत्येक हाताने रोज शंभर-दोनशे प्रहार करावेत, असे इतोसू सांगतात. मूठ पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांवर लागली पाहिजे. खांब वाकतो आणि परत ढकलतो, त्यामुळे मनगट किंचित जरी वाकडे असले, टाच उचलली किंवा खांदा वर चढला तरी धक्का लगेच तेथे जाणवतो. हात टणक करणे हा त्याचा दुय्यम फायदा. खरा उपयोग पायापासून मुठीपर्यंत जोर एका रेषेत पोहोचतो की नाही हे तपासण्याचा आहे. हाताला घट्टे पाडून घेण्याची आजची हौस म्हणूनच गैरसमजावर उभी आहे. नाहा परंपरेत याच्या जोडीला दांड्याला बसवलेला दगड फिरवणे, बोटांच्या पकडीने मातीचे बुधले उचलून चालणे, आणि ‘काकिए’ हा जोडीचा सराव असतो. काकिएमध्ये दोघांची मनगटे एकमेकांना चिकटलेली असतात, एक ढकलतो, दुसरा तो दाब झेलून परतवतो, आणि दाब जेथे ढिला पडेल तेथून पकड किंवा प्रहार निघतो. पकडीची स्मृती ओकिनावात जिवंत राहिली ती अशा सरावांमुळे.

जपानच्या मुख्य भूमीवर मात्र शाळेत घडलेलेच रूप आधी पोहोचले. इतोसूंचे शिष्य आणि व्यवसायाने शिक्षक असलेले फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये तोक्योत शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनात प्रात्यक्षिक दाखवले आणि ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांच्या निमंत्रणावरून त्यांच्या कोदोकान या ज्यूदोशाळेतही. पांढरा गणवेश व पट्टे ज्यूदोतून आले, विद्यापीठांत मंडळे निघाली, पवित्रे लांब व खोल झाले, लाथा वर चढल्या, आणि तरुण विद्यार्थ्यांना अंतर राखून खेळायची मोकळी झुंज हवी होती, ती आली. त्याच काळात मोतोबू चोकी (१८७०–१९४४) वेगळाच सूर लावत होते. दोन्ही हात एकत्र पुढे ठेवावेत, पुढच्या हातानेच अडवावे व मारावे, मागचा हात कमरेला नेऊन ठेवू नये, असे ते शिकवीत आणि नाइहान्चीवरून त्यांनी जोडीच्या झटापटी बसवल्या होत्या. माझ्या दृष्टीने स्वसंरक्षणाच्या बाजूने पाहता मोतोबूंची मांडणी अधिक प्रामाणिक आहे, पण संस्था उभी करण्याची हातोटी फुनाकोशींकडे होती आणि प्रसार त्यांच्या पद्धतीचा झाला.

२५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहामध्ये एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने ज्येष्ठ गुरूंची बैठक झाली आणि ‘कराटे’ हा शब्द लिहिण्यासाठी ‘चिनी हात’ या अर्थाऐवजी ‘रिकामा हात’ या अर्थाची लेखनचिन्हे स्वीकारण्यात आली. जपान चीनशी युद्धाच्या उंबरठ्यावर असताना हा बदल राजकीय वाऱ्यापासून अलिप्त असणे शक्य नव्हते. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेशी झालेल्या १९४५ च्या लढाईत शुरीचा किल्ला जमीनदोस्त झाला, बेटावरील सुमारे चौथा हिस्सा नागरिक मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर तोंडी परंपरेचे अनेक धागे तुटले. १९७२ पर्यंत चाललेल्या अमेरिकी राजवटीत अमेरिकी सैनिक ओकिनावाच्या दोजोंमध्ये, म्हणजे सरावशाळांमध्ये, शिकले आणि त्यांच्यामार्फत ही विद्या जगभर गेली. मुंबई-पुण्यातील वर्गांच्या पाट्यांवर दिसणारी शितो-ऱ्यू, गोजू-ऱ्यू, शोतोकान ही नावे याच इतिहासातली असून त्या तिन्हींचे संस्थापक ओकिनावाचे होते.

काही घराण्यांनी विद्या बाहेर जाऊच दिली नाही. नाकाइमा घराण्याची ऱ्युएइ-ऱ्यू परंपरा फूझौहून आल्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिली आणि १९७० च्या दशकात बाहेरच्यांसाठी खुली झाली. तोक्यो ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२१ रोजी किउना ऱ्यो यांनी काता प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते याच परंपरेचे साधक. काता स्पर्धेत अशी शिखरावर पोहोचली असताना तिच्यातील हालचालींचा झटापटीतला अर्थ शोधण्याचे काम, ज्याला ‘बुन्काइ’ म्हणतात, गेल्या काही दशकांत जगभर जोमाने सुरू झाले आहे. त्यातील काही अर्थ गुरूकडून शिष्याकडे आलेले आहेत, तर बरेचसे अलीकडच्या अभ्यासकांनी जुन्या आकृत्या, चिनी पद्धती आणि स्वतःचा अनुभव यांवरून नव्याने जुळवलेले आहेत. दोन्ही उपयोगी आहेत. मात्र नव्याने जुळवलेल्या पकडीला ‘प्राचीन गुप्त तंत्र’ म्हणून विकणे हा विद्यार्थ्याशी अप्रामाणिकपणा आहे, आणि ज्या गुरूला यातले कोणते तंत्र कोठून आले हे सांगता येते त्याच्याकडेच शिकावे, असा माझा आग्रह आहे.