पाण्याच्या पाळीतली नीती

सिंहस्थात रामकुंडाजवळ कुणी अन्नछत्र चालवलं की शेजारी कुणीतरी म्हणतंच, "पुण्य मिळावं म्हणून करतोय, म्हणजे त्याचाही स्वार्थच." माणूस जे काही करतो ते शेवटी स्वतःसाठीच, या मताला तत्त्वज्ञानात मानसशास्त्रीय स्वार्थवाद म्हणतात. मत बिनतोड वाटतं, कारण कुठलंही उदाहरण पुढे केलं तरी "समाधान मिळालं ना?" हे उत्तर तयार असतं.

इंग्लंडमधले धर्मोपदेशक जोसेफ बटलर यांनी १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत या युक्तिवादातली चूक दाखवली होती. त्यांचा मुद्दा अन्नछत्राला लावून पाहा. भुकेलेल्याला वाढून समाधान कुणाला मिळेल? त्याचं पोट भरावं असं ज्याला आधीपासून वाटतं, त्यालाच. ज्याला त्याच्या भुकेचं सोयरसुतक नाही, त्याला वाढून काहीच मिळणार नाही. म्हणजे दुसऱ्याच्या भल्याची इच्छा आधी आणि समाधान मागाहून. कामातून फायदा होणं वेगळं, फायद्यासाठी काम करणं वेगळं.

हा फरक तपासताही येतो. कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ४४ विद्यार्थिनींवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. एका तरुणीला विजेचे झटके बसताना त्या पडद्यावर पाहत होत्या (झटके खोटे, अभिनय खरा). काहींना ती तरुणी आवडीनिवडींत अगदी तुमच्यासारखी आहे असं सांगितलं होतं, म्हणजे तिच्याबद्दल सहानुभूती जास्त वाटावी; काहींना अगदी वेगळी. काहींना दोन फेऱ्या पाहून निघून जायची मुभा होती. मग विचारलं, तिच्या जागी बसाल का? पाहवत नाही म्हणून स्वतःची तगमग थांबवायची एवढाच हेतू असेल, तर निघून जाणं सर्वांत स्वस्त. वेगळी वाटणाऱ्या गटातल्या, जायची मुभा असलेल्या १८ टक्के जणी जागा घ्यायला तयार झाल्या. आपल्यासारखी वाटणाऱ्या गटातल्या तशीच मुभा असलेल्या तब्बल ९१ टक्के. प्रयोग लहान होता, पण सहानुभूती हा खरा हेतू असू शकतो, हे त्यातून नीट दिसतं. तिची मर्यादाही त्याच आकड्यांत आहे: ती आपल्यासारख्यांकडे झुकते.

मग अनोळखी माणसांच्या गर्दीत काय टिकतं? अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी झुरिकमध्ये खऱ्या पैशांवर खेळवलेला डाव पाहा. चौघांचा गट, प्रत्येकाला २० नाणी, हवी तेवढी सामाईक गल्ल्यात टाकायची. गल्ल्याची १.६ पट करून चौघांत सारखी वाटणी. सगळ्यांनी सगळं टाकलं तर ८० चे १२८, प्रत्येकी ३२. तिघांनी टाकलं आणि एकाने हात आखडला, तर ६० चे ९६, प्रत्येकी २४; पण आखडणाऱ्याकडे स्वतःची २० धरून ४४. अशा डावांत लोक सुरुवातीला साधारण निम्मं टाकतात आणि फेरीगणिक आकडा घसरत जातो. सगळेच लोभी असतात म्हणून हे होत नाही. बहुतेकांचं धोरण "इतर टाकतील तोवर मीही टाकीन" असं असतं, आणि थोडे फुकटे त्यांचा धीर खचवतात.

पुढे नियम बदलला: स्वतःचं १ नाणं खर्चून दुसऱ्याची ३ कापता येतील. गट दर फेरीला बदलत होते, तेच सोबती पुन्हा भेटणार नव्हते. तरीही लोकांनी पदरमोड करून फुकट्यांना दंड केला आणि वर्गणी चढली. भरपाई मिळणार नसताना न्यायासाठी झीज सोसणं, यालाही मी निःस्वार्थपणाच म्हणेन.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० मध्ये न्यायाचं मूळ दोन गोष्टींत सांगितलं: माणसाचं औदार्य मर्यादित आणि गरजेच्या वस्तू अपुऱ्या. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवरची सामाईक सिंचनाची जुनी फड पद्धत हेच गृहीत धरून आखलेली दिसते. बंधाऱ्याखालच्या क्षेत्राचे सहसा तीन-चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक, दर वर्षी पिकं फिरती. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवला तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, मालकाने स्वतः बारं मोडायचं, म्हणजे पाणी आपल्या शेतात वळवायचं नाही. पाटाच्या मुखाजवळचा आणि शेवटाचा असे दोन तट पडायला मुळात जागाच ठेवलेली नाही. इथे कुणाकडे त्याग मागितलेला नाही. स्वार्थाचं तोंड शेजाऱ्याच्या हिताकडे वळवलंय. मला ही मांडणी उपदेशापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

दंड मात्र जपून वापरावा लागतो. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी मूल उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे वाढले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते प्रमाण जवळपास दुप्पट झालेलं दिसतं. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवायची लाज होती, आता उशिराचा दर ठरला. दंड रद्द केल्यावरही ती लाज परतली नाही. उलट, सामाईक पाणी आणि कुरणं पिढ्यान्‌पिढ्या टिकवणाऱ्या गावांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना तिथे पायऱ्यापायऱ्यांचा दंड आढळला. पहिल्या चुकीला नाममात्र शिक्षा, पण ती चारचौघांना कळणारी. पुन्हा पुन्हा करणाऱ्याला वाढती. पाणीवापर संस्थेने किंवा सोसायटीने नियम लिहिताना पहिल्याच चुकीला मोठी रक्कम ठेवली, तर पैसेवाला ती भरून मोकळा होतो आणि चुकून चुकलेला कायमचा दुखावतो.