घड्याळावरून रांग मोजताना

मोठी फाइल अपलोडला लावून त्याच वेळी व्हिडिओ कॉल घेतला, की समोरचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो. स्पीड टेस्ट करावी तर आकडा झकास येतो, कारण घोळ वेगात नसतोच. आपल्या फाइलची पॅकेटं, म्हणजे पाठवण्यासाठी पाडलेले छोटे तुकडे, मोडेम-राउटरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्याच्या मेमरीत) रांग लावून बसलेली असतात आणि कॉलचं प्रत्येक पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. सेकंदाला १ मेगाबिट सोडणाऱ्या लाइनीपुढे २५० किलोबाइटचा, म्हणजे २ मेगाबिटचा, बफर भरला, तर तो रिकामा व्हायला २ सेकंद लागतात. तेवढ्यात बोलणाऱ्याचं वाक्य संपलेलं असतं.

ही रांग लावतो कोण? राउटरला दोष देण्यात अर्थ नाही, तो बिचारा आलेलं ठेवून घेतो. रांग लावतो पाठवणारा कॉम्प्युटर, आणि त्यातही ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. पोच न आलेली किती पॅकेटं एका वेळी वाटेवर असू द्यायची, हा आकडा कर्नलमधलं टीसीपी, म्हणजे पॅकेटं पाठवण्याचे आणि पोच घेण्याचे नियम सांभाळणारा भाग, ठरवतो. त्या आकड्याला ‘कंजेशन विंडो’ म्हणतात. आपण नुसतं विंडो म्हणू.

विंडो आवरण्याची गरज पहिल्यांदा कळली ती ऑक्टोबर १९८६ मध्ये. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर किती, तर चारशे यार्ड! व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये जो उपाय मांडला, त्याचा गाभा एवढाच: पॅकेट हरवलं, की पुढे कोंडी झाली असं समजा आणि विंडो आखडा. इंटरनेट त्यावर तगलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००६ पासून मुळातच लावून येणारं ‘क्यूबिक’ही याच घराण्यातलं.

पण पॅकेट हरवतं केव्हा? बफर काठोकाठ भरून सांडायला लागल्यावर. म्हणजे ही पद्धत रांग वाढवत वाढवत नेते आणि सांडलं की दचकून मागे येते. मेमरी स्वस्त झाली, बफर फुगले, तशी दचकण्याची वेळही लांबत गेली. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळवून दिलं.

दुसरा मार्ग त्याच्या कितीतरी आधी सुचलेला होता. लॉरेन्स ब्राक्मो, शॉन ओमॅली आणि लॅरी पीटरसन यांनी ॲरिझोना विद्यापीठात १९९४ मध्ये ‘टीसीपी व्हेगस’ मांडलं. सांडेपर्यंत थांबायचं कशाला? रांग वाढली की पोच उशिरा येते. त्या उशिरावरूनच रांग ओळखा.

हिशोब बघू. वाट मोकळी असताना पॅकेट जाऊन त्याची पोच परत यायला ४० मिलिसेकंद लागतात. आत्ता ५० लागतायत. विंडो २० पॅकेटांची आहे. ५० मिलिसेकंदांत २० पॅकेटं, म्हणजे ४० मिलिसेकंदांत १६. मोकळ्या वाटेवर त्या वेगाने १६ पॅकेटंच मावतात, मग उरलेली ४ कुठे आहेत? रांगेत. राउटरला काही विचारलं नाही, त्याच्या बफरमध्ये डोकावलो नाही, तरी आपली किती पॅकेटं तिथे अडकलीत ते कळलं. मला या हिशोबाचं अजूनही अप्रूप वाटतं.

पॅकेट जाऊन पोच परत आली, की एक फेरी. लिनक्समधलं व्हेगस यावर दर फेरीला एक निर्णय घेतं. रांगेत २ पेक्षा कमी पॅकेटं असतील तर विंडो एकाने वाढव, ४ पेक्षा जास्त असतील तर एकाने उतरव, मधे असेल तर हात लावू नको.

कागदावर हा हिशोब दोन ओळींचा आहे: ‘अपेक्षित वेग’ काढा, ‘प्रत्यक्ष वेग’ काढा, वजाबाकी करा. कर्नलमध्ये मात्र दशांश चिन्हाला मज्जाव असतो. अपूर्णांकांची गणितं करणारी प्रोसेसरची रजिस्टरं (आकडे ठेवायची घरं) चालू प्रोग्रॅमच्या ताब्यात असतात. कर्नलने ती वापरायची तर आधी त्यातलं सगळं जपून ठेवा, मग जागच्या जागी परत ठेवा. प्रत्येक पोचेमागे हा उपद्व्याप कोण करणार? म्हणून सगळा कारभार पूर्णांकांत चालतो आणि दोन वेग वेगवेगळे काढले, की दोन्ही भागाकारांत शेपटं छाटली जातात.

इथे शाळेतलं बीजगणित कामाला येतं. दोन वेगांची ती वजाबाकी आवरून घेतली, की उरतं: विंडो गुणिले वाढलेला उशीर, भागिले आत्ताचा वेळ. २० गुणिले १०, भागिले ५०, उत्तर ४. वेग नावाची गोष्टच गळून पडली. आणखी एक पाऊल टाकलं तर भागाकारही जातो. उत्तर ४ च्या वर आहे का, एवढंच तर बघायचंय. मग २० गुणिले १० एका बाजूला, ४ गुणिले ५० दुसऱ्या बाजूला, आणि कुठली बाजू मोठी ते पाहायचं. छाटायला शेपूट राहत नाही. (लिनक्सच्या व्हेगसमध्ये भागाकार आहे आणि तो किमान वेळेने, म्हणजे ४० ने, केलाय. त्यामुळे आपल्या उदाहरणात ४ ऐवजी ५ येतात आणि विंडो उतरते. उशीर थोडा असला की दोन्ही उत्तरं जवळपास सारखीच.)

गुणाकाराची स्वतःची खोड आहे. ३२ बिटांच्या डब्यात जास्तीत जास्त ४२९ कोटींपर्यंतचा आकडा मावतो. फार वेगवान लाइनीवर विंडो लाखभर पॅकेटांची असू शकते. कर्नल वेळ मोजतं मायक्रोसेकंदांत आणि ५० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ५० हजार मायक्रोसेकंद. गुणाकार ५०० कोटी. डबा उतू जातो, हातात जेमतेम ७० कोटी उरतात आणि रांगेचा हिशोब साफ चुकतो. म्हणून गुणाकार ६४ बिटांत करावा लागतो. कोड ‘सोपं केलं’ म्हणून मिरवणाऱ्या बदलात ही जागा मी सगळ्यात आधी तपासेन.

पूर्णांकांतली जुनी करामत बघायची तर जेकबसन यांचीच बघावी. फेरीच्या वेळेची सरासरी ठेवायची, पण जुन्याला सात अष्टमांश वजन, नव्याला एक अष्टमांश. कर्नल सरासरी जपतच नाही, सरासरीची आठपट जपतं. सरासरी ५० असेल तर साठवलेला आकडा ४००. नवा वेळ ५८ आला. ४०० ला आठने भागलं, ५० आले. ५८ उणे ५० म्हणजे ८. ते ४०० मध्ये मिळवले, झाले ४०८. नवी सरासरी ५१. आठने भागणं म्हणजे बायनरीत तीन घरं सरकवणं, प्रोसेसरला चुटकीसरशी जमणारं. दोन ओळींत काम फत्ते.

इथपर्यंत सोपं करणं निव्वळ नफ्याचं. पण व्हेगसच्या कोडमध्ये काही ओळी अशा आहेत, की साफसफाई करणाऱ्याचा हात हमखास तिकडे वळावा. फेरीत वेळेची मोजमापं दोन किंवा त्याहून कमी मिळाली, तर व्हेगस आपला हिशोब बाजूला ठेवतं आणि जुन्या पद्धतीने वागतं. का? कारण पोच देणारा पलीकडचा कॉम्प्युटर आळशी असतो. दोन पॅकेटांमागे एक पोच द्यायची त्याला मुभा आहे. एकटं पॅकेट आलं तर जोडीदाराची वाट बघत तो पोच अडवून धरतो, लिनक्समध्ये साधारण ४० मिलिसेकंद. आपल्या उदाहरणात ही अख्खी एक फेरी झाली! त्या उशिराचा रांगेशी काडीचा संबंध नाही. म्हणून निदान तीन मोजमापं हवीत आणि त्यातलं सगळ्यात लहान धरायचं. ती अट काढली तर कोड चार ओळींनी आटोपशीर होईल आणि तुरळक पॅकेटं पाठवणारी जोडणी उगाचच विंडो आखडत बसेल.

खरी मेख ‘मोकळ्या वाटेचा वेळ’ या आकड्यात आहे. तो कुणी सांगत नाही. आजवरचा सगळ्यात कमी वेळ तोच मोकळ्या वाटेचा, असं मानायचं. मग वाट बदलून लांबची झाली तर? वाढलेलं अंतर रांग वाटतं. आपण आलो तेव्हाच रांग लागलेली असेल तर? ती रांगच मोकळी वाट वाटते. म्हणून किमान आकडा कधीतरी विसरावा लागतो, पण ‘गेल्या इतक्या वेळातला किमान’ काढायचा तर तेवढ्या वेळातली सगळी मोजमापं साठवायला हवीत, असं प्रथमदर्शनी वाटतं. कॅथलीन निकोल्स यांच्या रीतीने लिनक्स तीनच आकडे जपतं: सगळ्यात लहान, त्याच्यानंतर आलेल्यांत लहान आणि त्याच्याही नंतरच्यांत लहान. पहिला शिळा झाला की दुसरा पुढे सरकतो. सगळं साठवून काढलेल्या उत्तराशी हे उत्तर जवळपास नेहमी जुळतं. फेरीच्या किमान वेळेसाठी टीसीपी ही नोंद मुळात ३०० सेकंदांची ठेवतं.

गूगलच्या मंडळींनी २०१६ मध्ये लिनक्समध्ये आणलेलं ‘बीबीआर’ याहून धीट आहे. १० सेकंदांत नवा किमान वेळ दिसला नाही, तर ते २०० मिलिसेकंद विंडो अवघ्या ४ पॅकेटांवर आणतं, आपली रांग ओसरू देतं आणि मोकळी वाट स्वतः मोजून घेतं.

उशीर बघून मागे हटणाऱ्यांना क्यूबिकसारखे दांडगे शेजारी भेटले की ते कोपऱ्यात ढकलले जातात. रांग वाढली, हे मागे झाले, मोकळ्या जागेत क्यूबिक शिरलं. व्हेगस मागे पडलं त्याचं हे मोठं कारण. लोकांना आपसात फाइली वाटू देणाऱ्या बिटटॉरेंटवाल्यांनी मात्र हीच भिडस्त वृत्ती हेरली. डाउनलोडने मागच्या बाकावर बसावं, हेच त्यांना हवं होतं. त्यातून आलेलं ‘लेडबॅट’ २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, नोंदलं गेलं. रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांपलीकडे जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं लक्ष्य.

लेडबॅट फक्त जाण्याचा वेळ मोजतं, येण्याचा नाही. त्यासाठी दोन्हीकडची घड्याळं जुळायला हवीत असं वाटेल. पलीकडचं घड्याळ तीन तास पुढे असलं, तरी आत्ताचा वेळही तीन तासांनी जास्त दिसतो आणि किमान वेळही. वजाबाकीत ते तीन तास उडून जातात. उडत नाही ती चाल: एक घड्याळ दुसऱ्याहून किंचित वेगाने धावत असेल, तर रांग नसतानाही उशीर कणाकणाने वाढत किंवा घटत जातो. म्हणून लेडबॅट एकेका मिनिटाचा किमान आकडा टिपून ठेवतं आणि शेवटची काही मिनिटं सोडून बाकीचे फेकून देतं.