रुग्णाभ्यंग

गंभीर आजारी किंवा वार्धक्याने खंगलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला पवित्र तेल लावून तिच्यासाठी प्रार्थना करण्याचा संस्कार. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ धुरीणांना) बोलवावे आणि त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावावे, या बायबलमधील याकोबाच्या पत्रातील (५:१४-१५) सांगण्यावर तो आधारलेला आहे. कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी हा एक. ऑर्थोडॉक्स परंपरेत पूर्ण विधीला सात धर्मगुरू, पत्रांतली सात व शुभवर्तमानांतली सात वाचने आणि सात वेळा अभ्यंग (तेल लावणे) असतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या याला संस्कार मानत नाहीत, तरी काहींचे पाळक प्रार्थनेच्या वेळी तेल लावतात.

हा फक्त घटका मोजणाऱ्यांचा विधी नव्हे, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये कॅथलिक विधी सुटसुटीत केला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना तेल लावत. आता कपाळ व हात पुरतात. कपाळाला लावताना मंत्राचा पहिला भाग, हातांना लावताना दुसरा. फक्त एकाच जागी लावता आले, तरी शब्द पूर्ण म्हणायचे. तेल ऑलिव्हचे, ते नसल्यास दुसरे वनस्पती तेल. बिशपनी आशीर्वादित केलेले. निकडीच्या वेळी धर्मगुरूही आशीर्वाद देऊ शकतो. सांडू नये म्हणून तेलाच्या डबीत बहुधा तेलात भिजवलेला कापूसच असतो.

पापनिवेदन (धर्मगुरूजवळ पापांची कबुली), डोक्यावर हात ठेवणे, अभ्यंग आणि मग ख्रिस्तप्रसाद (पवित्र केलेली भाकर व द्राक्षारस) असा क्रम. मरण जवळ आले असेल, तर हा ख्रिस्तप्रसाद शेवटच्या वाटेची शिदोरी ठरतो. रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना प्रसादाआधीच्या तासाभराच्या उपवासाची अट नाही. गिळणे जड जात असेल, तर भाकरीचा कणभर तुकडा किंवा नुसता द्राक्षारस देतात. ठसक्याचा धोका आहे का, हे परिचारिकेला आधी विचारलेले बरे. ऑक्सिजन चालू असेल, तर मेणबत्ती पेटवायचीच नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो उशिरा बोलावण्याने. ‘फादर आले म्हणजे संपलं’ या धास्तीने नातेवाईक टाळतात. तोवर रुग्ण गुंगीत जातो, पापनिवेदन राहून जाते, प्रसादही घेता येत नाही. शुद्ध हरपलेल्याला, त्याची तशी इच्छा असती असे मानून, अभ्यंग करता येतो. मृताला करत नाहीत. मृत्यू झाला की नाही याबद्दल शंका असेल, तर करतात. बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडल्यास, किंवा त्याच दुखण्यात प्रकृती आणखी ढासळल्यास, तो पुन्हा घेता येतो.

प्रार्थनेत बरे होणे मागितले जाते, पण त्याची हमी दिली जात नाही. आशेचा शेवटचा आधार पुनरुत्थान आहे (१ करिंथ १५). म्हणून ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे रुग्णाला ऐकवणे क्रूर तर आहेच, शास्त्रालाही धरून नाही. ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत छळणारी व्यथा, निघावा म्हणून प्रेषित पौलाने तीनदा विनवले आणि तो निघाला नाही (२ करिंथ १२). बायबलमधले स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. खचलेल्याला ते वाचून दाखवायला हरकत नाही.

उपचार थांबवणे म्हणजे आशा सोडणे, असेही नाही. झेपण्यापलीकडचे उपचार घेण्याचे बंधन नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये सांगितले. वेदना शमवण्याच्याच हेतूने दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे घटले तरी ते चालते, हेही त्याच वर्षी. मात्र गुंगी आणणारी मात्रा सुरू होण्याआधी रुग्णाला पापनिवेदनाला आणि निरवानिरवीला वेळ मिळायला हवा.