इफकॉन्फिग आणि आयपी: पत्ता बदलणं वेगळं, पत्ता वाढवणं वेगळं

सर्व्हरला दुसरा आयपी पत्ता द्यायचा होता, एवढंच काम. सर्व्हर चाकणजवळच्या एका कारखान्यात, मी पुण्यात घरी, मध्ये एसएसएचचं, म्हणजे लांबच्या मशीनवर कमांड चालवायचं, कनेक्शन. हाताला सवय होती म्हणून इफकॉन्फिग ही लिनक्सवर पत्ता बघायची-लावायची जुनी कमांड टाइप केली, नवा पत्ता लिहिला, एंटर दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. रात्रपाळीच्या सुपरवायझर काकांना फोन लावला. "मॅडम, कुठलं बटण?" असं ते दोनदा विचारत सर्व्हरच्या कपाटापर्यंत गेले, मशीन बंद करून परत चालू केली आणि जुना पत्ता परत आला. तेव्हा सुटले. पण असं का झालं हे मला त्या रात्री कळलं नव्हतं, आणि ते कळणं फार गरजेचं होतं.

आपल्याकडे नव्या मुलांना सरसकट सांगितलं जातं की इफकॉन्फिग ही कमांड जुनी, आयपी ही कमांड नवी, काम तेच. नुसता पत्ता बघायचा असेल तर हे एक वेळ चालेल. पत्ता लावायची वेळ आली की हेच वाक्य गोत्यात आणतं.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

मी त्या रात्री लिहिलं होतं ते असं:

इफकॉन्फिग ईथ० १९२.१६८.१.६०

आणि लिहायला हवं होतं ते असं:

आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.१.६०/२४ डेव्ह ईथ०

पहिल्या ओळीत "ॲड" हा शब्दच नाही, हे बघा. ईथ० हे इंटरफेसचं, म्हणजे नेटवर्क कार्डाचं नाव. इफकॉन्फिगच्या लेखी एका इंटरफेसला एकच पत्ता असतो, दारावर एकच पाटी असावी तसा. नवी पाटी दिली की ते जुनी काढतं आणि तिच्या जागी नवी ठोकतं. आयपी कमांडच्या लेखी मात्र प्रत्येक इंटरफेसपाशी पत्त्यांची यादी असते. जुन्या वाड्याच्या दारावर एकाखाली एक चार बिऱ्हाडांच्या पाट्या असायच्या तशी. "ॲड" म्हटलं की यादीत एक ओळ वाढते, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

माझं एसएसएच जुन्या पत्त्यावर चालू होतं. इफकॉन्फिगने तो पत्ताच काढला. पण खरी गोम पुढे होती. इंटरफेसवरचा शेवटचा आयपीव्ही४ पत्ता निघाला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या इंटरफेसवरून जाणारे सगळे आयपीव्ही४ रूट, म्हणजे कुठे कुठल्या वाटेने जायचं याच्या नोंदी, पुसून टाकतो, अगदी बाहेरच्या जगाकडे नेणारा डीफॉल्ट रूटसुद्धा. जुना निघाला आणि नवा लागला यांच्यामधल्या त्या क्षणभरात यादी रिकामी झाली आणि डीफॉल्ट रूट गेला. नवा पत्ता लागल्यावर शेजारच्या मशीनकडे जाणारा रूट आपोआप परत आला, डीफॉल्ट रूट आला नाही. म्हणजे नव्या पत्त्यावर जरी मी एसएसएच केलं असतं, तरी पुण्याकडे उत्तर पाठवायला त्या सर्व्हरकडे वाटच उरली नव्हती.

या दोन स्वभावांमागे दोन काळ आहेत. इफकॉन्फिग आलं १९८३ साली, ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर. लिनक्सवरचं इफकॉन्फिग हा वेगळा लिहिलेला प्रोग्रॅम. तो नेट-टूल्स या पॅकेजात येतो आणि कर्नलशी आयओसीटीएल या जुन्या पद्धतीने बोलतो: इंटरफेसचं नाव सांगायचं आणि त्याचा पत्ता अमुक कर म्हणायचं. आयपी ही आयप्रूट२ या संचातली कमांड. अलेक्सी कुझनेत्सोव यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस लिनक्स २.२च्या काळात ती लिहिली. ती नेटलिंक सॉकेटवरून बोलते आणि तिथे पत्ता ही स्वतंत्र नोंद असते. नोंद वाढवता येते, काढता येते, तिला स्वतःचे गुणधर्म असतात.

आता मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा. वरच्या ओळीतलं /२४ हा तोच. इथे दोघांच्या चुका नेमक्या उलट्या दिशेने होतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खाणारी जागा हीच.

मास्क न देता इफकॉन्फिगने १०.०.०.५ हा पत्ता लावा. तुम्हाला मिळेल २५५.०.०.०, म्हणजे /८. कारण मास्क दिला नाही तर पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून ए, बी, सी असा वर्ग ठरवायचा हा जुना नियम तिथे अजून लागू होतो. वर्गांची ही पद्धत १९९३ साली सीआयडीआर (वर्गांऐवजी /२४ असा आकडा लिहायची पद्धत) आल्यावर मागे पडली, पण ही वाट तशीच राहिली. परिणाम असा की १० ने सुरू होणारा जगातला प्रत्येक पत्ता आपल्याच वायरवर आहे असं मशीनला वाटू लागतं. कंपनीच्या दुसऱ्या शाखेतला १०.२०.०.७ राउटरपलीकडे असतो, पण मशीन राउटरकडे जातच नाही. शेजारीपाजारी हाका मारत बसते. इंटरनेट व्यवस्थित चालतं, फक्त दुसरी शाखा दिसत नाही, आणि माणूस फायरवॉल तपासत दुपार घालवतो. १९२.१६८ च्या पत्त्यांवर ही चूक उघडी पडत नाही, कारण तिथे वर्गाचा अंदाज /२४ निघतो आणि घरगुती नेटवर्कला तोच लागतो. म्हणून घरी शिकलेली सवय ऑफिसात फसते.

आयपी कमांडला मास्क दिला नाही तर ती कसलाच अंदाज बांधत नाही. ती /३२ धरते, म्हणजे हा पत्ता एकट्याचा, याला शेजार नाही. पत्ता यादीत छान दिसतो, पण शेजारच्या टेबलावरच्या मशीनला पिंग जात नाही. एक जास्त पसरतं, दुसरं पार आक्रसतं. म्हणून /२४ किंवा जे काही असेल ते हाताने लिहायचंच.

तिसरी गफलत बघण्यातली. आयपीने लावलेला दुसरा पत्ता इफकॉन्फिगला दिसत नाही. त्याला लेबलवार एकच पत्ता दाखवता येतो, आणि साध्या "ॲड"ने लावलेल्या सगळ्या पत्त्यांचं लेबल ईथ० हेच असतं. त्यामुळे पहिला दिसतो, बाकीचे दडून राहतात. इफकॉन्फिगने दुसरा पत्ता लावायचा असेल तर ईथ०:० असं टोपणनाव द्यावं लागतं. ईथ०:० हे वेगळं उपकरण आहे असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही, ते पत्त्यावर चिकटवलेलं नुसतं लेबल आहे. म्हणूनच "इफकॉन्फिग ईथ०:० डाउन" म्हटलं की कुठलंही कार्ड बंद होत नाही, तो पत्ता काढला जातो. आयपी कमांडमध्येही शेवटी "लेबल ईथ०:०" जोडता येतं, मग इफकॉन्फिगलाही तो पत्ता दिसतो. पण मशीनवर नेमके किती पत्ते आहेत हे खात्रीने जाणून घ्यायचं असेल तर "आयपी ॲड्रेस शो" हेच विचारावं. थोडक्यात हवं असेल तर "आयपी -बीआर ॲड्रेस", एका इंटरफेसला एक ओळ. मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

आणखी एक फरक छोटा आहे, पण नव्या व्हर्च्युअल मशीनवर तो हमखास अडवतो. इफकॉन्फिगने पत्ता लावला की इंटरफेस आपोआप चालूही होतो. आयपी न सांगितलेलं काही करत नाही. पत्ता लावल्यावर "आयपी लिंक सेट ईथ० अप" वेगळं म्हणावं लागतं. "लिंक" म्हणजे कार्ड आणि वायर, "ॲड्रेस" म्हणजे त्यावरचा पत्ता, हे दोन विषय तिथे वेगळे ठेवलेले आहेत. इफकॉन्फिगने ते एकत्र कालवले होते.

तोच पत्ता दुसऱ्यांदा "ॲड" केला तर कित्येक मशीनवर "फाइल एक्झिस्ट्स" असा संदेश येतो आणि नवखा माणूस फाइल शोधू लागतो. फाइल कुठलीच नसते, पत्ता आधीच यादीत आहे एवढाच त्याचा अर्थ. स्क्रिप्टमध्ये यासाठी "ॲड"ऐवजी "रीप्लेस" लिहितात. पण या नावाला भुलू नका: "आयपी ॲड्रेस रीप्लेस" इफकॉन्फिगसारखं जुना पत्ता काढून टाकत नाही. तोच पत्ता यादीत असेल तर त्याचे गुणधर्म बदलतं, नसेल तर वाढवतं. बाकीचे पत्ते असतात तिथेच.

मॅक वापरणाऱ्यांसाठी: तुमचं इफकॉन्फिग बीएसडी घराण्यातलं आहे आणि तिथे तेच चालू, जिवंत साधन आहे. आयपी कमांड मॅकवर मुळात येत नाही. दुसरा पत्ता लावायला "एलियस" आणि काढायला "-एलियस" हे शब्द वापरायचे. फ्रीबीएसडीवरही तेच. विंडोजवरचं आयपीकॉन्फिग नावाने जवळचं, पण त्याने पत्ता हाताने लावता येत नाही. ते दाखवतं आणि डीएचसीपीचा, म्हणजे नेटवर्कने आपोआप दिलेला, पत्ता सोडतं किंवा नव्याने मागतं.

मग लांबच्या लिनक्स सर्व्हरचा पत्ता खरोखरच बदलायचा असेल तर? मी आता असं करते.

आधी "शटडाउन -आर +१५". पंधरा मिनिटांनी मशीन आपोआप रीस्टार्ट होईल. आयपी कमांडने लावलेले पत्ते फक्त चालू कर्नलमध्ये असतात, रीस्टार्टनंतर टिकत नाहीत. एरवी ज्याची तक्रार करतो तीच गोष्ट इथे दोरी बनते. काकांना ज्यासाठी कपाटापर्यंत चालायला लावलं, ते मशीन स्वतः करते. मग नवा पत्ता "ॲड" करायचा, जुन्याला हात न लावता. दुसऱ्या खिडकीतून नव्या पत्त्यावर एसएसएच करून बघायचं. आत शिरता आलं की मगच जुना काढायचा:

आयपी ॲड्रेस डेल १९२.१६८.१.५०/२४ डेव्ह ईथ०

इथे अजून एक खड्डा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. एकाच सबनेटमधल्या (मास्कने ठरलेल्या एकाच नेटवर्कमधल्या) दोन पत्त्यांपैकी आधी लावलेला मुख्य असतो आणि नंतरचा "सेकंडरी". ही नोंद "आयपी ॲड्रेस शो"मध्ये दिसते. कर्नलच्या मूळ वागणुकीनुसार मुख्य पत्ता काढला की त्याच्या सबनेटमधले सगळे सेकंडरी पत्तेही जातात. म्हणजे जुना काढायला गेलो आणि नवाही गेला. सिसकंट्रोलमध्ये (एसवायएससीटीएल, कर्नलच्या सेटिंगची कमांड) प्रमोट_सेकंडरीज ही सेटिंग १ असेल तर तसं होत नाही, सेकंडरीला बढती मिळते. काही डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या काही प्रकारांवर, ती आधीच चालू असते, काहींवर नसते. म्हणून "डेल" म्हणण्याआधी ती बघायचीच. डीफॉल्ट रूट आहे का हेही "आयपी रूट" म्हणून बघायचं.

सगळं ठीक दिसलं की "शटडाउन -सी" म्हणून रीस्टार्ट रद्द करायचं. आणि उठण्याआधी नवा पत्ता कायमच्या फाइलीत लिहायचा: डेबियनच्या जुन्या धाटणीत ती इंटरफेसेस फाइल, नेटवर्कमॅनेजर असेल तर एनएमसीएलआयमधून, उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन. नेटप्लॅन असेल तर "अप्लाय"ऐवजी "ट्राय" म्हणा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही, तर ते जुनी मांडणी परत आणतं.