४८ व्होल्टने रिबन माईक जळतो?
फँटम पॉवरचं (केबलमधूनच माईकला ४८ व्होल्ट देणाऱ्या सोयीचं) बटण चुकून दाबलं की रिबन माईक (धातूच्या पातळ पट्टीने आवाज टिपणारा) गेलाच, ही भीती वर्षानुवर्षं फिरते आहे. वायरिंग नीट असेल तर तसं होत नाही. ४८ व्होल्ट एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या केबलच्या) दोन्ही सिग्नल तारांवर सारखेच येतात. माईकमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरकच नाही, मग प्रवाह वाहणार कुठून? (काही जुने माईक अपवाद.) धोका आहे तो शॉर्ट झालेल्या केबलचा, किंवा फँटम चालू ठेवून पॅचबेत (केबली जोडायच्या सॉकेटच्या पट्टीत) जॅक खुपसण्याचा. ॲक्टिव्ह (आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या) रिबनला तर फँटम लागतोच.

खरा शत्रू वारा. जेमतेम २-४ मायक्रॉनची ॲल्युमिनियमची पट्टी ती, ‘माईक चेक’ म्हणून मारलेल्या फुंकरीनेही ताणली जाते. स्वस्तातला पॅसिव्ह (आत ॲम्प्लिफायर नसलेला) घेताना इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, मात्र बघा. हळू आवाजाला ६० डेसिबलच्या आसपास, तोही खरखर न करणारा हवा.