लांडग्याची आरोळी आणि दलदलीतला नकलाकार

युरोपातला लांडगा साधारण 40 किलोंचा. त्याच युरोपात नदीकाठच्या ओल्या, दाट झुडपांत विणीसाठी येणारा मार्श वॉर्बलर जेमतेम 12-13 ग्रॅमचा. आपल्याकडच्या वटवट्यांचा हा भाऊबंद, दिसायलाही तसाच मातकट. दोघांच्या आवाजांत इतका फरक का, याचं बरंचसं उत्तर एका प्रश्नात आहे: ऐकणारा किती लांब आहे?

लांडग्याला ऐकणारा कित्येक किलोमीटर दूर असू शकतो. त्याच्या आरोळीचा मूळ स्वर बहुधा 150 ते 800 हर्ट्‌झच्या दरम्यान, म्हणजे खालच्या पट्टीतला, सावकाश चढणारा-उतरणारा. असा आवाज वाटेत कमी विरतो. इतक्या लांबवर बारीक नक्षीकाम टिकणार नाही, पण आरोळी कोणाची, हे टिकतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय लांडगे नुसत्या आरोळीवरून एकेकटे ओळखता आले. लाजऱ्या, रात्री फिरणाऱ्या प्राण्याची मोजदाद त्याला न पकडता करायची, तर मला याहून आश्वासक वाट दिसत नाही.

ऑस्ट्रियातला 2013 सालचा प्रयोग मात्र मनाला जास्त भिडतो. कळपातल्या एकाला माणसांनी फिरायला नेलं की मागे राहिलेले आरोळ्या देत; गेलेला जिवाभावाचा जोडीदार असेल तर जास्तच. लाळेतल्या कॉर्टिसॉलवरून, म्हणजे ताणाच्या संप्रेरकावरून, या फरकाचा उलगडा झाला नाही. फरक पडला तो नात्यामुळे.

मार्श वॉर्बलरच्या नराला जवळपासची मादी जिंकायची असते. तिथे वेग आणि वैविध्य दोन्ही चालतं. पक्ष्याचा ध्वनी निर्माण करणारा अवयव श्वासनलिका दुभंगते तिथे असतो आणि त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे वाजू शकतात. फ्रान्स्वाज डाउसेट-लमेर यांनी बेल्जियममधल्या 30 नरांचं गाणं तपासलं आणि 1979 साली निष्कर्ष मांडले. त्या गाण्यांत त्यांना 212 जातींच्या पक्ष्यांच्या नकला सापडल्या! एकेका नराकडे सरासरी 76 जातींचे आवाज, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेतले.

असं का व्हावं? पिल्लं ऐकण्याच्या वयात येईपर्यंत बाप गाणं थांबवून बसलेला असतो. मग ते पिल्लू आधी जन्मगावच्या शेजाऱ्यांकडून आणि पुढे स्थलांतराच्या वाटेवर व आफ्रिकेतल्या हिवाळी मुक्कामात भेटेल त्या पक्ष्याकडून आवाज उचलतं. पहिल्या वर्षातच हा साठा पुरा होतो. लांडग्याच्या पिल्लाला आरोळी अशी परक्यांकडून गोळा करावी लागत नाही.

नकलांच्या या यादीवरून पक्ष्यांचा पूर्व आफ्रिकेतला मार्गही ताडता आला. केनियातल्या न्गुलिया इथे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम 1969पासून चालतं. धुक्याच्या रात्री तिथल्या जाळ्यांत जे युरोपीय प्रवासी मोठ्या संख्येने सापडतात, त्यांत मार्श वॉर्बलर आहेच.