पार्श्वभूमी : ब्लेडच्या वस्तऱ्याआधी काय शिकावं लागायचं

वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायला शिकणं ही आज हौस झाली आहे. लातूर-नांदेडकडची तरुण पोरं बदलत्या ब्लेडचा वस्तरा ऑनलाइन मागवतात, मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि गालावर चालवून पाहतात. त्यांच्या आज्याला हे सांगितलं असतं तर त्याने कपाळावर हात मारला असता. वस्तरा असायचा वारकाच्या, म्हणजे न्हाव्याच्या, धोकटीत (हत्यारांच्या पिशवीत), आणि दाढी करून घ्यायची असायची, करायची नसायची.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, पण गावगाडा इथेही बलुत्यावरच चालायचा. वारीक वर्षभर घरोघरच्या दाढ्या आणि डोया करायचा. लग्नात, जावळात, दहाव्याला त्याचं काम ठरलेलं. सुगीत खळ्यावर जाऊन तो आपल्या वाट्याची जवारी आणायचा. दर दाढीला पैसे असा हिशेबच नव्हता, त्यामुळे आठवड्याला एक दाढी मिळाली तरी कुणी कुरकुरत नसे. सेना महाराज याच समाजाचे संत. त्यांच्या अभंगात आरसा आणि चिमटा ही धंद्याची हत्यारं विवेक-वैराग्याचे दाखले होऊन येतात. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी आजही साजरी होते. १९७२ च्या दुष्काळात खळीच भरली नाहीत, तिथे बलुतं कुठून मिळणार? आधीच मोडकळीला आलेली ही रीत मग झपाट्याने सुटत गेली, आणि धोकटीची जागा बसस्टँडजवळच्या, खुर्ची-आरसा मांडलेल्या दुकानाने घेतली.

जुना वस्तरा म्हणजे पोलादाचं एकच अखंड पातं. शेफिल्ड आणि सोलिंगेन ही या पात्यांची नावाजलेली गावं, एक इंग्लंडमधलं, दुसरं जर्मनीतलं. पात्याची पाठ जाड आणि धार कागदाहून बारीक. दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही टेकवून ठेवायची. पाठीच्या जाडीमुळेच धारेचा कोन आपोआप ठरतो, हाताने मोजावा लागत नाही. ही त्या घडणीतली खरी हुशारी. मग चामड्याचा पट्टा एका टोकाला अडकवून ताणायचा आणि त्यावर वस्तरा फिरवायचा. इथे पाठ पुढे, धार मागे. उलट झालं तर पट्टाच कापला जातो. टोकाला पोचल्यावर वस्तरा पाठीवरच पलटायचा, धारेवर कधीच नाही. पट्टा प्रत्येक दाढीआधी, दगड अधूनमधून. हे जमल्याशिवाय वस्तरा गालाला लावण्यात अर्थ नव्हता, कारण बोथट वस्तरा केस कापत नाही, ओढतो, आणि ओढलेल्या कातडीवर जखम होते. शिकाऊ पोराला म्हणून आधी साबण घोळणं आणि धार लावणंच असायचं. जुनी माणसं सांगतात, हात बसावा म्हणून त्याला म्हशी भादरायला लावायचे. म्हशीची तक्रार मालकापर्यंत जात नाही, हा त्यातला फायदा!

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. म्हैस भादरणारा तोच वस्तरा दलितांच्या गालाला लागत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पैसेही देता आले असते, पण एकही न्हावी त्यांचे केस कापायला तयार नव्हता. ते काम त्यांची थोरली बहीण करायची, आणि भावंडांवरच सराव करून ती त्यात चांगली तरबेज झाली होती. मराठवाड्यातल्या खेड्यांतही हीच तऱ्हा होती. घरच्या घरी वस्तरा शिकण्याचा इतिहास लिहायचा तर तो हौशी लोकांपासून नव्हे, या नाइलाजापासून सुरू करावा लागेल.

दाढी खऱ्या अर्थाने घरात आणली ती सेफ्टी रेझरने. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, फेकून देता येणारं दुधारी पातं बाजारात आणलं. १९०३ या पहिल्या वर्षी जेमतेम ५१ रेझर आणि १६८ पाती खपली, पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर वाटले गेले आणि ती सवय घेऊनच ते परतले. त्याच सुमारास डरहम डुप्लेक्स नावाचा, वस्तऱ्यासारखाच दिसणारा पण पातं बदलता येणारा रेझरही अमेरिकेत निघाला होता. म्हणजे आजचा ब्लेडचा वस्तरा ही काही नवी अक्कल नाही. साठच्या दशकात स्टेनलेस स्टीलची पाती आली आणि गंजण्याची कटकट कमी झाली.

आपल्याकडच्या दुकानांत मात्र पट्टा आणि दगड बराच काळ टिकले. ते उठवले भीतीने. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातली एचआयव्हीची पहिली प्रकरणं शोधली. पुढच्या काही वर्षांत ‘दाढी करताना नवं ब्लेड लावायला सांगा’ हे वाक्य सरकारी दवाखान्याच्या भिंतीपासून रेडिओपर्यंत पोचलं. माझ्या मते वस्तऱ्याच्या बाबतीत जास्त भ्यायला हवं होतं ते हिपॅटायटिस बीला. त्याचा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा तग धरतो, आणि एकाच दगडावर, एकाच पट्ट्यावर गावभराचा वस्तरा फिरत होता. पण नाव एड्सचं झालं आणि काम फत्ते झालं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वेष्टणातच ब्लेड उभं दुमडून कट्‌कन मोडायचं, अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचं, अर्धं पुढच्या माणसाला ठेवायचं, हा आता प्रत्येक दुकानातला रिवाज आहे.

यात शिकणाऱ्याचं निम्मं ओझं उतरलं. धार कारखान्यातून येते, आपण फक्त हात शिकायचा. पण जुन्या वस्तऱ्याला वजन होतं, तो आपल्या भारानेच चालायचा. नवा हलका, म्हणून नवशिका दाबतो, आणि एक दशांश मिलिमीटर जाडीचं कोरं पातं दाबलेलं अजिबात सहन करत नाही. कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन, एका हाताने कातडी ताणलेली, केसांच्या दिशेनेच फिरवणं, आणि पातं कधीही आडवं न सरकवणं, एवढं पाळलं तर गाल लवकर जमतात. हनुवटीची गोलाई आणि गळ्याची घाटी यांना वेळ लागतो. तिथे केसांची दिशा बोटभर अंतरात बदलते, म्हणून आधी कोरड्या दाढीवर बोट फिरवून ती ओळखून घ्यावी.

आणखी एक अडचण आपल्या भागातली. बोअरचं जड पाणी साबणाला दाद देत नाही, फेसाऐवजी वाटीत पांढरा साका उरतो. फेस पातळ राहिला की वस्तरा अडखळतो आणि दोष हाताला दिला जातो. अशा वेळी दाढीपुरतं वाटीभर पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी कोमट करून घ्यावं. पहिले काही आठवडे वस्तरा गालांवरच चालवावा, हनुवटी आणि गळा सेफ्टी रेझरवर सोडावा, आणि शेवटी ओल्या तोंडावर तुरटी फिरवावी. जिथे झोंबेल तिथे आपण दाबलं होतं.